रात्रीचं पाणी, सकाळची शाळा

सणसर, भवानीनगर, जाचकवस्ती, बेलवाडी, काटेवाडी या पट्ट्यात नववी ते बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरच्यांनीही ते वाचावं अशी विनंती आहे. अभ्यासाचं वेळापत्रक कसं करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्यांच्या वेळापत्रकात पहाटे पाचला गोठ्यात जाणं नसतं, डेअरीची वेळ गाठणं नसतं, आणि नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं म्हणून रात्री बॅटरी घेऊन उसात उतरणंही नसतं. तुमच्या दिवसात हे सगळं आहे. ते नाहीच असं धरून दिलेला सल्ला तुमच्या काय कामाचा?

तुम्ही कष्टाला कमी पडता असं मला अजिबात वाटत नाही. शेण-घाण काढून, कुट्टी टाकून, डबा घेऊन वेळेवर शाळा गाठणारं पोर आळशी असूच शकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. आपल्या घरांत कोणी काय करायचं आणि कधी करायचं, हे आधी बोललं जात नाही. काम समोर येतं आणि जो घरात सापडतो तो उठतो. मुलाची पूर्वपरीक्षा आठवड्यावर आली आहे हे वडिलांना माहीत नसतं. उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं झाल्यावर हातात किती राहतं, हे मुलाला माहीत नसतं. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, आणि वर्ष मात्र हातचं जातं.

म्हणून माझं पहिलं मागणं एवढंच आहे, की घरात बसून एकदा नीट बोला. त्यासाठी वेळही चांगली आहे. जूनमध्ये शाळा उघडते आणि थोड्याच दिवसांत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी येते. त्या दिवशी अभ्यास झाला नाही तर काही बिघडत नाही. आलेल्या वारकऱ्याला पाणी, जेवण आणि पाठ टेकायला जागा देणं हे आपल्या गावाचं काम आहे आणि तुम्ही त्यात असायलाच हवं. पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून गेली, की त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि वर्षाचा हिशेब समोर मांडायचा.

हा हिशेब आपल्याकडे उसाबरोबरच करावा लागतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. तेव्हा शाळा नुकती सुरू झालेली असते, घटक चाचण्या सोडल्या तर फारसा ताण नसतो. त्या दिवसांत शेतात मनापासून हात लावा. ऑक्टोबरात पहिल्या सत्राची परीक्षा येते आणि तिच्या आगेमागे पूर्वहंगामी लागण. इथे थोडी ओढाताण होते, पण दिवाळीची सुट्टी हाताशी असते. खरी गाठ पुढे पडते. नोव्हेंबरपासून छत्रपती कारखान्याचं गाळप सुरू असतं, आपल्या रानात तोड कधी येईल ते आपल्या हातात नसतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सुरू लागण, खोडव्याची मशागत आणि बोर्डाची परीक्षा हे तिन्ही एकावर एक येतात.

एक गोष्ट पालकांना मुद्दाम सांगायची आहे. आपल्या मनात दहावीची परीक्षा अजून मार्चमध्ये असते, कारण आपली मार्चमध्ये झाली होती. आता तारखा अलीकडे आल्या आहेत. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्याच्या आधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं असतात. दहावीच्या बहुतेक विषयांत १०० पैकी २० गुण शाळेतल्या तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत कामाचे असतात, म्हणजे जानेवारीत शाळा बुडाली तर परीक्षेआधीच गुण गेले. ‘अजून दोन महिने आहेत’ म्हणून जानेवारीत मुलाला लागणीला धरलं, तर ते दोन महिने प्रत्यक्षात सहा आठवडेच असतात.

तेव्हा घरात ठरवायचं ते असं, की १ जानेवारीपासून शेवटच्या पेपरापर्यंत दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला रात्रीचं पाणी नाही. बाकी जे जमेल ते करेल, पण रात्र त्याची. आणि मुलानेही नुसतं मागायचं नाही, बदल्यात काही द्यायचं. संध्याकाळची धार माझ्याकडे, रविवारचा चारा माझ्याकडे, दिवाळीच्या सुट्टीत पाण्याच्या सगळ्या पाळ्या माझ्याकडे, असं स्वतःहून बोला. दिल्याशिवाय मागितलेली सवलत घरात टिकत नाही, चार दिवसांत हाक येतेच.

घरात माणूसच कमी असेल तर? वडील एकटे, आजी थकलेली, भाऊ लहान. अशी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांनी सावडीचा विचार करावा. भांगलणीला, लागणीला आपण सावड करत आलो आहोत, मग परीक्षेला का करू नये? यंदा चुलत्याच्या पोराची दहावी असेल तर दोन महिने त्याच्या रात्रीच्या पाळ्या तुम्ही सांभाळा, पुढच्या वर्षी तुमच्या त्यांनी सांभाळाव्यात. भावकीत बांधावरून बोलणं बंद असेल तर पोरांनो, तुम्ही पुढाकार घ्या. मोठ्यांना जे जड जातं ते तुम्हाला सोपं जाईल.

आणि रात्री पाण्याला जावंच लागलं तर ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका, उघड्या पायाने उसात उतरू नका. कुट्टी मशीनवर सैल ओढणी नको आणि कानात इअरफोन नको. अभ्यासापेक्षाही ही गोष्ट मोठी आहे.

अकलूजची रिंकू राजगुरू तुम्हाला माहीतच आहे. पालखीचीच वाट धरून गेलं तर इंदापूर, सराटी आणि मग अकलूज. तिचा ‘सैराट’ चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. एका उन्हाळ्यात सगळा महाराष्ट्र तिला ओळखायला लागला, इतका की नेहमीसारखं वर्गात जाऊन बसणंही अवघड झालं. त्या वयात आणि त्या गर्दीत शाळा सोडून दिली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं, पैसा आणि नाव दोन्ही दारात आलं होतं. तिने १७ नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षा दिली आणि २०१७ मध्ये दहावीला ६६ टक्क्यांच्या पुढे गुण मिळवले. पुढे चित्रपटाचं काम चालू ठेवून २०१९ मध्ये बारावीला ८२ टक्के. मला यातली टक्केवारी महत्त्वाची वाटत नाही. शाळेची नेहमीची वाट बंद झाली तेव्हा तिने दुसरी वाट विचारून घेतली, ही गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. दहावीतून गळलेल्या किती मुलांना हा १७ नंबरचा फॉर्म असतो हेच कोणी सांगितलेलं नसतं.

काम करत शिकणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट कधीच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र ठेवली. ही मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत, आणि शिकत. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’वर महाराष्ट्रातल्या किती पिढ्या उभ्या राहिल्या हे वेगळं सांगायला नको. पण त्या बोर्डिंगातली एक गोष्ट आपण विसरतो. तिथे काम शिक्षणासाठी होतं. कामाची वेळ संपली की पोरगं पुस्तकाचं होतं, त्याला कोणी पुन्हा हाक मारत नसे. आपल्या घरांत कष्ट तितकेच आहेत, फक्त ही मर्यादा राहिलेली नाही. ती पुन्हा आखून घेणं मुलाच्याही हातात आहे आणि बापाच्याही.

आता निवडीबद्दल. दहावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न असतो, ‘सायन्स घेतलं का?’ साठ टक्क्यांचं पोर असो की नव्वदचं, प्रश्न तोच. मग पोराला गणिताची गोडी नसली तरी अकरावी सायन्स होतं, नाव एका कॉलेजात, बसणं दुसऱ्या क्लासमध्ये, आणि बारावीनंतर हातात ना धड गुण, ना हुन्नर. यात मुलाचा दोष कमी आणि चारचौघांतल्या इभ्रतीचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण कुठे राहतो ते बघा. शेजारी साखर कारखाना, तिकडे बारामतीची एमआयडीसी, इकडे वालचंदनगर, जिथे साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या भागांपर्यंत कामं झाली आहेत. या सगळ्या ठिकाणी चांगला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट लागतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे ही वाट मध्येच संपत नाही, फक्त तिच्यात हात लवकर कामाला लागतात. ज्याला घरी दोन वर्षांत आधार द्यायचा आहे त्याच्यासाठी ही शहाणपणाची निवड आहे. आणि ज्याला खरोखर जीवशास्त्र आवडतं, वाचायची सवय आहे, त्याने सायन्सच घ्यावं, बिनधास्त घ्यावं. कॉमर्स आणि आर्ट्सचंही तेच. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. घरून एसटीने जाऊन शिकता येईल इतकं जवळ हे सगळं असणं ही फार मोठी सोय आहे, ती सगळ्या तालुक्यांना नसते.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. तो अर्ज भरताना स्वतः समोर बसा. नेट कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर नोंदणी करू नका, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. पसंतीक्रम विचार करून द्या, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. मित्राने जे टाकलं तेच पहिलं टाकायचं, असं करून पस्तावलेली मुलं दर वर्षी दिसतात.

आता भरतीचं. सकाळी कालव्याच्या कडेने, रस्त्याने पळणारी पोरं आणि पोरी बघितल्या की मन भरून येतं. पण पोलीस शिपाई भरतीचं गणित नीट समजून घ्या. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. यातलं अंकगणित आणि व्याकरण तुम्ही आत्ता वर्गात शिकता तेच आहे. म्हणजे नववी-दहावीत गणिताचा तास बुडवून ग्राउंडला गेलेला मुलगा भरतीचाच अभ्यास बुडवून भरतीची तयारी करत असतो. शिवाय बारावी पास झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही, आणि वयाला १८ पूर्ण लागतात. अग्निवीरच्या सर्वसाधारण पदालाही दहावीला एकूण ४५ टक्के हवेत. पळा, जरूर पळा. मग अंघोळ करून शाळेत जा.

भरतीच्या शेवटी चारित्र्य पडताळणी असते हेही लक्षात असू द्या. वाढदिवसाला तलवारीने केक कापणं, चौकात फ्लेक्सवर फोटो, कोणाच्या तरी मागे फिरून मारामारीत नाव येणं, यातून मिळणारा मान चार दिवसांचा असतो. ज्यांच्यासाठी तुम्ही घोषणा देता ते तुमच्या कोर्टाच्या तारखेला येत नाहीत. हे मी कोणा एका पक्षाबद्दल म्हणत नाही, सगळ्यांबद्दल म्हणतो.

गाडीबद्दल तर आई-वडिलांनाच हात जोडून सांगतो. गाळपाच्या हंगामात संध्याकाळनंतर बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात, कितींना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. त्या रस्त्यावर पंधरा-सोळा वर्षांचं पोर तिघांना बसवून मोटारसायकल घेऊन जातं आणि घरच्यांना त्याचं कौतुक असतं. १६ पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, बाकीला १८ लागतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याची भीती नसेल तर त्या ट्रॉलीची ठेवा. दूध घालायला सायकल पुरते. बारामतीला एसटी जाते, विद्यार्थ्यांना पासावर ६६.६६ टक्के सवलत आहे, आणि मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत शाळेचा पास फुकट आहे.

मुलींसाठी थोडं जास्त लिहितो, कारण त्यांच्या वाट्याचं काम कामात धरलंच जात नाही. मुलगा पाण्यावर गेला तर ‘पोरगं रात्रभर जागलं’ म्हणतात. मुलीने सकाळी भाकरी थापल्या, भांडी घासली, धाकट्याला तयार केलं, संध्याकाळी पुन्हा तेच केलं, तर ते कोणी मोजत नाही. घरात बसून हिशेब मांडाल तेव्हा मुलीचे तासही मांडा. परीक्षेच्या काळात भाऊ बहिणीचं ताट उचलेल, चहा करेल, एवढं सांगायला आईने मागेपुढे पाहू नये. भावांनो, कोणी सांगायची वाट बघू नका.

आणि लग्न. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातल्या एकीपेक्षा जास्तच. हे दूर कुठे घडत नाही. दहावीची सुट्टी आणि लग्नसराई एकाच वेळी येते, मामा स्थळ घेऊन येतात, ‘चांगलं घर आहे, पुढे शिकवतील’ म्हणतात. मुलगी गप्प बसते आणि तोच होकार धरला जातो. मुलींनो, गप्प बसू नका. आईला सांगा, आत्याला सांगा, वर्गशिक्षिकेला सांगा. कोणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, रात्रीही लागतो. आणि पालकांनो, पैशाची काळजी असेल तर हे ऐका. इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मुलीच्या शिक्षणाला पैसे नाहीत म्हणून लग्न, हे कारण आता तितकं खरं राहिलेलं नाही.

या सवलती मिळतात त्या कागदांवर, आणि कागद जमवणं ही शाळकरी मुलाने स्वतः घ्यावी अशी फार चांगली जबाबदारी आहे. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज सगळं आपलं बारामतीला, पण काटेवाडी सोडली तर तालुका इंदापूर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांची कामं तिकडची. निकालानंतर सगळे एकदम धावतात आणि सर्व्हर बंद पडतो. तुम्ही दहावी-अकरावीच्या दिवाळीतच सुरुवात करा. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत वेळेत टाका. घरात आठवीतलं भावंड असेल आणि शाळा अनुदानित असेल, तर त्याला एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये त्याच्या खात्यावर येतात.

शेवटी नापासांबद्दल, कारण त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. ‘सैराट’चे दिग्दर्शक, करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे दहावीला नापास झाले होते, पुढे पुणे विद्यापीठात मराठीत एमए झाले आणि त्यांनी काय केलं ते तुम्ही पडद्यावर पाहिलं आहे. नापास झाल्यामुळे ते मोठे झाले असं कोणी समजू नये. नापास झाल्यावर त्यांनी शिकणं सोडलं नाही, एवढंच मला दाखवायचं आहे. दहावीला दोन विषयांपर्यंत गेले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये असते, म्हणजे वर्षही जात नाही. तिचा अर्ज निकालानंतर लगेच भरावा लागतो आणि मुदत थोडी असते. निकालाच्या दिवशी पोरगं घरी आलं नाही तर आधी त्याला शोधा, गुणपत्रिका नंतर बघा. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला सोबत घेऊन शाळेच्या कचेरीत जावं आणि पुरवणीचा अर्ज कधीपासून सुरू होतो ते विचारून यावं.